टाकणं आणि नाकारणं

पंचवटीतल्या माझ्या शेजारणीला विमा कंपनीचं पत्र आलं. नवऱ्याच्या मागे केलेला दावा ‘रिप्युडिएट’ केला म्हणे. “म्हणजे काय हो ताई?” नामंजूर, मी सांगितलं, पण घरी येऊन डिक्शनरी उघडलीच. मूळ लॅटिन ‘रेपुडियुम’. रोमन लोक बायकोला सोडून देण्याला हा शब्द वापरत. म्हणजे आपलं ‘टाकली’च की! टाकलेला नवरा मात्र कुणी ऐकलाय?

गंमत पुढेच आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली हाच शब्द बाईच्या हाती आला. पंधराच्या आत लग्न लावलेल्या मुलीनं पंधरा ते अठरा या वयात ते नाकारलं, तर त्यावर तिला घटस्फोट मागता येतो. नकार मात्र अठराच्या आतच हवा. किती आयांना ठाऊक आहे हे?

अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला नकार दिला, तेव्हा १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टानं बजावलं, सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई तुरुंगाला तयार झाल्या!

शेजारणीला म्हटलं, आधी कंपनीकडे लेखी तक्रार, नाही ऐकलं तर विमा लोकपाल. उद्या दुपारी कागद घेऊन येतेय ती.