विश्लेषण : शाळेतल्या पोहण्याच्या तासाला मुलांनी नेमके काय शिकावे?

उन्हाळा आला की शेततळे, कालवा किंवा दगडखाणीत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात आणि ‘शाळेत पोहणे सक्तीचे करा’ ही मागणी पुन्हा होते. मागणी रास्त आहे. पण तिसरीच्या मुलांना आठवड्यातून एकदा पालिकेच्या तरण तलावावर नेणारी शिक्षिका म्हणून मला वाटते, की सक्तीच्या आधी त्या तासाला काय शिकवायचे ते ठरायला हवे.

प्रश्न किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून दगावले. ५ ते १४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणे तिसऱ्या क्रमांकावर आहे. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली असे ३८ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. सहा वर्षांपुढील मुलांना पोहण्याची आणि पाण्यातील सुरक्षेची मूलभूत कौशल्ये शिकवावीत, अशी या संघटनेची शिफारस आहे. ‘पाण्यातील सुरक्षा’ हा त्यातला भाग आपल्याकडे गळतो.

तासाला प्रत्यक्षात काय होते?

तास ४० मिनिटांचा. बसमधून उतरल्यावर डोकी मोजायची, मग कपडे बदलणे, नाडीच्या बसलेल्या गाठी सोडवणे, हरवलेली टोपी शोधणे, शॉवर. पाण्यात मिळतात २० मिनिटे. ३० मुले आणि दोन प्रशिक्षक, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला प्रशिक्षकाचा हात मिनिटभरच. तेवढ्यात शक्य ते केले जाते : कठड्याच्या दांड्याला धरून पाय मारणे आणि फळी घेऊन पलीकडे जाणे. पालकांनाही तेच हवे असते. सहाव्या आठवड्याला ‘अजून पोहत नाही का?’ असा निरोप येतो.

माझ्या अनुभवात मुलाचा सगळ्यात अवघड क्षण मात्र वेगळाच असतो. उताणे पडून तरंगताना कान पाण्यात बुडू द्यावे लागतात. कान बुडाले की बाईंचा आवाज येत नाही. मूल घाबरून मान वर उचलते, मान उचलली की कंबर आणि पाय खाली जातात. मान सैल सोडायला एखाद्या मुलाला तीन-चार तास लागतात. काठावरून पाहणाऱ्याला त्यात काहीच प्रगती दिसत नाही. पण जीव वाचवणारे कौशल्य ते आहे. दमलेल्या माणसाला उताणे तरंगता आले, तर श्वास घेता येतो आणि मदतीची वाट पाहता येते.

तलाव आणि शेततळे यांत फरक काय?

तरण तलावाला शिडी असते, दांडा असतो, उथळ बाजू असते. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते. उतार तीव्र, त्यावर शेवाळ. पोहता येणाऱ्यालाही तिथून वर चढता येत नाही, पाय घसरतच राहतो. एक जण घसरला की दुसरा हात द्यायला पुढे होतो, मग तिसरा. म्हणून बातमीत अनेकदा सख्खी भावंडे असतात. बुडणारा ओरडतो ही समजूतही चुकीची आहे. तोंड पाण्यावर येते तेवढ्या वेळात त्याला श्वास घ्यायचा असतो.

तेव्हा ‘पाण्यात उतरायचे नाही; ओढणी, दोरी, लांब काठी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते टाकायचे आणि मोठ्यांना हाक मारायची’ हा धडा पोहण्याइतकाच महत्त्वाचा. त्याला तलाव लागत नाही. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारून तो घेता येतो. पूर्वी गावात पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवत, तेव्हा वर कोणीतरी दोर धरून बसलेले असे. डबा, भोपळ्याची आता गरज नाही, पण तो दोर धरणारा माणूस हवा.

इतर देशांत काय करतात?

इंग्लंडच्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत २५ मीटर पोहणे अपेक्षित आहे आणि त्याच्या जोडीला पाण्यात स्वतःचा बचाव करता येणेही. कालव्यांच्या नेदरलँड्समध्ये मुलांच्या पोहण्याच्या परीक्षेतला काही भाग अंगावर कपडे घालून द्यावा लागतो. बांगलादेशात खेड्यातल्या तळ्यातच बांबूचा मचाण बांधून मुलांना शिकवण्याचे प्रयोग झाले. आपल्यासाठी हे शेवटचे उदाहरण सर्वांत उपयोगाचे, कारण तिथे पैसे आपल्यापेक्षा जास्त नव्हते.

मग अडते कुठे?

बऱ्याचदा नियमांत. स्विमिंग कॉस्च्युम नसेल तर तलावात प्रवेश नाही. काही मुलींच्या घरी तो चालत नाही, काहींना परवडत नाही; त्या मुली तासभर बाकावर बसून दप्तरे राखतात. विहिरीवर धुणे धुवायला आईबरोबर जाणाऱ्या अनेकदा त्याच असतात. लेगिंग आणि टी-शर्टवर त्यांना उतरू द्यावे आणि वर्षातला एक तास सगळ्यांचाच अंगावरच्या कपड्यांत घ्यावा, अशी विनंती मी आमच्या तलावाकडे दोन वर्षे करते आहे. कपड्यांचे धागे फिल्टरमध्ये अडकतात, असे उत्तर मिळते. महिन्यातला एक तास फिल्टर धुण्याच्या आदल्या दिवशी ठेवला, तर ही अडचण उरत नाही.