रस्ता बांधणाऱ्याला तटस्थ लवाद, जमीन देणाऱ्याला साहेब

राष्ट्रीय महामार्गासाठी वरूड तालुक्यातल्या बागायतदाराची जमीन गेली आणि मोबदला पटला नाही, तर त्याला थेट दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३जी(५) प्रमाणे त्याने लवादाकडे अर्ज करायचा, आणि तो लवाद नेमणार केंद्र सरकार. आपल्याकडे ही नेमणूक बहुधा जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी किंवा अपर आयुक्त अशा महसूल अधिकाऱ्याच्या वाट्याला येते. मोबदल्याचा पहिला आकडा ठरवणारा सक्षम प्राधिकारी बहुधा उपविभागीय अधिकारी असतो, म्हणजे त्याच खात्यातला, एखाद-दुसरी पायरी खालचा. हाच शेतकरी धरणासाठी जमीन देता, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्याची तक्रार जिल्हा न्यायाधीशाच्या पात्रतेच्या पीठासीन अधिकाऱ्यासमोर गेली असती. वावर तेच, मालक तोच. जमीन कशासाठी घेतली एवढ्यावरून न्याय देणारा बदलतो. महामार्गाची लवादकी महसूल खात्यातून काढून जिल्हा न्यायालयाशी जोडावी आणि लवादाला ठरलेले शुल्क सरकारने द्यावे, असे माझे म्हणणे आहे.

संत्रापट्ट्यात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण बागेची किंमत रेडी रेकनरच्या तक्त्यात मावत नाही. जमिनीचा दर खरेदीखतांवरून काढता येतो. पण संत्र्याचे झाड पाचव्या-सहाव्या वर्षी फळावर येते आणि पुढे कितीतरी वर्षे आंबिया किंवा मृग बहर देते. त्या येणाऱ्या बहरांचे मोल सातबारावर नसते. विहिरीचे त्याहून अवघड. विहीर रस्त्यात गेली आणि बाग बांधापलीकडे उरली, तर कागदावर बांधकाम नि खोदाईचा खर्च चढतो. पाण्यावाचून सुकणाऱ्या झाडांचे काय? वरूड-मोर्शीचा भाग भूजल उपशामुळे वर्षानुवर्षे ‘डार्क झोन’ म्हणून ओळखला गेला, तिथे ‘दुसरी विहीर खणा’ हे सांगणे सोपे आहे. जमिनीचे तुकडे पडून उरलेल्या मिळकतीचे जे नुकसान होते ते धरावे, असे कलम ३जी(७) सांगते. मात्र ते सिद्ध करायला बागेची पाहणी, फळबाग तज्ज्ञाची साक्ष, उलटतपासणी असे सगळे लागते. निवडणुका, पीकनुकसानीचे पंचनामे, महसुली अपिले यांतून वेळ काढून पेशी लावणाऱ्या अधिकाऱ्याकडून हे कितीसे होणार? त्या पेशीसाठी वरूडचा माणूस सुमारे ९० किलोमीटरवरच्या अमरावतीला जातो, ते वेगळेच.

लवादाचा निवाडा चुकला तर न्यायालय आहेच, असे कुणी म्हणेल. इथेच खरी गोम आहे. तमिळनाडूतल्या एका महामार्गाच्या प्रकरणात जमिनीला चौरस मीटरला ४६.५५ ते ८३.१५ रुपये दर मिळाला होता. जिल्हा न्यायालयाने तो ६४५ रुपये केला. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या एम. हकीम खटल्यात स्पष्ट केले की, लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली न्यायालय निवाडा रद्द करू शकते, बदलू शकत नाही. त्या शेतकऱ्यांचा वाढीव मोबदला न्यायालयाने काढून घेतला नाही, पण पुढच्यांची वाट अरुंद झाली. ३० एप्रिल २०२५ रोजी घटनापीठाने गायत्री बालसामी खटल्यात ती चार विरुद्ध एक अशा बहुमताने थोडी रुंद केली. तरी बदलाची मुभा मर्यादितच आहे. दराचे गणित नव्याने मांडणे तिच्यात बसत नाही. म्हणजे लवादाचा निवाडाच जवळजवळ शेवटचा, आणि म्हणून तो कोण देतो याला इतके महत्त्व.

आता त्याच रस्त्याच्या कंत्राटदाराकडे पाहा. लवाद कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका पक्षाचा नोकर कंत्राटाच्या वादात लवाद होऊ शकत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने सरकारी कंपन्यांच्या कंत्राटांतही एकट्या पक्षाने एकल लवाद नेमणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले. कंत्राटदाराने निदान करारावर सही तरी केलेली असते. शेतकऱ्याने तर ना करार केला, ना लवाद मागितला. तरी कंत्राटदाराला मिळालेले हे संरक्षण त्याच्यापर्यंत पोचत नाही.

पैशाचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे ५ लाखांपर्यंतच्या वादाला ४५ हजार, २० लाखांच्या वादाला ९७ हजार ५०० रुपये शुल्क होते. एकटा लवाद असेल तर आणखी २५ टक्के. म्हणजे २० लाखांच्या वादाला १ लाख २१ हजार ८७५. यातला अर्धा वाटा बागायतदाराच्या माथी मारला तर तो लवादाची पायरीच चढणार नाही. पण रक्कम प्रकल्पाच्या भूसंपादन खर्चात धरून आधीच जिल्हा न्यायालयात जमा केली आणि एका गावची प्रकरणे एकत्र चालवून एकच शुल्क लावले, तर बोजा फार नाही. महामार्ग प्राधिकरणाच्या पैशावर जगणारा लवाद त्या प्राधिकरणाकडेच झुकेल, ही शंका रास्त आहे. म्हणून यादी जिल्हा न्यायाधीशांनी करावी, प्रकरणे पाळीने वाटावीत आणि शुल्क न्यायालयातून मिळावे. शुल्क मनमानी वाढेल ही भीती मात्र जुनी झाली. लवादांनी आपले शुल्क आपणच ठरवायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी ओएनजीसी खटल्यात सांगून टाकले आहे.

निवृत्त न्यायाधीशांची सोय होईल आणि तारखांवर तारखा पडतील, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. त्यावर लवाद कायद्यातच थोडा उतारा आहे. कलम २९अ प्रमाणे मुदत संपूनही निवाडा झाला नाही आणि दोष लवादाचा असला, तर न्यायालय दर महिन्याच्या विलंबाला ५ टक्क्यांपर्यंत शुल्क कापू शकते. पगारी अधिकाऱ्याचे काय कापणार? मुदत संपली की ती वाढवून घ्यायला न्यायालयात धावपळ शेतकऱ्याचीच. महसूल अधिकाऱ्यांना जमिनीची जाण असते हे खरे. ती साक्षीदार म्हणून कामी यावी.

सगळी प्रकरणे सरळ २०१३ च्या कायद्याच्या प्राधिकरणाकडे सोपवणे याहून चांगले, हे मान्य. पण त्याला संसदेची दुरुस्ती लागेल. कलम ३जी(५) मध्ये लवाद केंद्र सरकारने नेमावा एवढेच आहे. तो सरकारी अधिकारीच असावा असे कुठे लिहिलेले नाही. न्यायालयाच्या यादीतला लवाद नेमायला केंद्राची अधिसूचना पुरे, आणि त्याला बसायला वरूडचे दिवाणी न्यायालय आहेच.