मीठ कमी करू, पण रोस्टरचे काय?



आमच्या शाखेतील एका गेटमनला ड्यूटीवरच लकवा मारला. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, शब्द फुटेना. नशिबाने ट्रॅकमन जवळच काम करीत होते, त्यांनी दवाखान्यात पोचवले. माणूस वाचला. तीन महिन्यांनी काठी टेकत युनियनच्या कचेरीत आला आणि दवाखान्यातून मिळालेला कागद माझ्यापुढे ठेवला. मीठ कमी, तंबाखू बंद, रोज अर्धा तास चालणे, वेळेवर जेवण, सात तास झोप, रक्तदाबाची गोळी न चुकता. मला म्हणाला, "भाऊ, सगळं करीन. पण बारा तासांची ड्यूटी, त्यात रात्रपाळी. झोपू कधी अन् चालू कधी?"

त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हे लिहीत आहे.

पहिल्यांदा डॉक्टरांच्या बाजूने बोलतो. तो कागद खोटा नाही. बहुतेक लकवे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून येतात, काही वाहिनी फुटून. दोन्हींमागचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. भारतासह 22 देशांत झालेल्या 'इंटरस्ट्रोक' पाहणीचा निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, दारू, पोटाचा घेर, खाणेपिणे, बसून राहणे, मनावरचा ताण अशी दहा कारणे मिळून दहापैकी नऊ लकव्यांचा हिशेब लागतो, असे त्यात दिसले. लकवा येऊन गेला म्हणजे सारे संपले असेही नाही. लकव्यातून वाचलेल्या माणसांची अमेरिकेत वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. ज्यांनी यातल्या जास्त गोष्टी सांभाळल्या, त्यांच्यात मृत्यू कमी झाले. तेव्हा सवयी बदलल्याने आयुष्य वाढते, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. आरोग्य शिबिरात फलक लागतो, "आपले आरोग्य आपल्या हाती". साहेब भाषण करतात, फोटो निघतो, चहा-बिस्किटे होतात. प्रशासनाला आमचा सवाल आहे. हात आमचे खरे, पण घड्याळ कोणाच्या हाती?

1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 132 काढून पाहा. 'कंटिन्युअस' कामगाराला आठवड्याला सरासरी 54 तासांची मर्यादा. ई.आय. म्हणजे 'एसेन्शियली इंटरमिटंट' ठरवलेल्याला 75 तासांची! आमचा गेटमन याच वर्गातला. बारा तासांच्या सहा ड्यूट्या म्हणजे 72 तास. आता जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली एकत्रितपणे काय सांगितले ते ऐका. आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्याला, 35 ते 40 तास काम करणाऱ्यापेक्षा लकव्याचा धोका अंदाजे 35 टक्क्यांनी जास्त असतो. म्हणजे ज्या रोस्टरने माणूस धोक्यात येतो, त्याच रोस्टरवर त्याला परत पाठवायचे आणि वर मिठाचा हिशेब विचारायचा! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तसला हा प्रकार.

एवढ्यावर थांबले नाही. "आता तुमच्याने काम होणार नाही, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या," असे एका बाबूने त्याला सुचवले. आम्ही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 पुढे ठेवले. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कामगाराला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. पत्रामागून पत्रे गेली, तेव्हा त्याला दिवसाचे बैठे काम मिळाले. आज तो सकाळी चालतो आणि रात्री झोपतो. कागद तोच होता, पण पाळता आला तो ड्यूटी बदलल्यावर.

आता थोडे आपल्या घरातले. युनियनच्या कचेरीत पुड्या कोण फोडतो? आपणच. "बरं वाटतंय" म्हणून दोन महिन्यांत गोळी कोण सोडतो? आपणच. रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो गेला असे समजू नका. रनिंग स्टाफमधले कित्येक भाऊ कॅटेगरी जाईल, भत्ता बुडेल या भीतीने रक्तदाब लपवतात. भीती खरी आहे, पण लपवलेला रक्तदाब एक दिवस कॅटेगरीच काय, माणूसच घेऊन जातो. प्रशासनाशी लढायचे तर आधी उभे राहता आले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. ई.आय.चे बारा तासांचे रोस्टर बंद करा. सर्वांना आठ तास द्या आणि त्यासाठी रिकाम्या जागा भरा.

2. लकव्यातून उठलेल्या कामगाराला डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे दिवसाची हलकी ड्यूटी द्या. कलम 20 साठी त्याला खेटे घालायला लावू नका.

3. रक्तदाबाची तपासणी आणि गोळ्या लॉबीत, गेटवर, गँगपर्यंत पोचवा. गोळीसाठी रजा टाकावी लागू नये.

4. रक्तदाब स्वतःहून सांगणाऱ्याचे आर्थिक नुकसान होऊ देऊ नका.

1974 च्या मे महिन्यात रेल्वे कामगार संपावर गेले, तेव्हाही आठ तासांची मागणी होती. ती चैनीसाठी नव्हती आणि आजही नाही. तंबाखू आम्ही सोडतो, मीठही कमी करतो. आता तुम्ही बारा तास सोडा!