एवढासा ‘अ’

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासून परत आल्या म्हणजे त्यांत तांबड्या शाईच्या ज्या खुणा दिसतात, त्यांपैकीं पुष्कळशा एका चिमुकल्या अक्षरापायीं झालेल्या असतात. कोठें ‘अ’ राहून गेलेला असतो, कोठें ‘अन्’च्या जागीं ‘अ’ पडलेला असतो, तर कोठें दोहोंचीही जरूरी नसतां त्यांतील एक उगाच येऊन बसलेला असतो. विद्यार्थ्यास वाटतें, एवढ्याशा अक्षरासाठीं गुण कां कापावे? पालकांस वाटतें, अर्थ समजला म्हणजे झालें. आणि शिक्षकही कित्येकदां नियमाचें एक वाक्य फळ्यावर लिहून पुढच्या धड्याकडे वळतात. आमच्या मतें ह्या तिघांच्याही हातून त्या अक्षरावर अन्याय होतो. तें क्षुल्लक नाहीं, आणि नुसतें घोकून येण्यासारखेंही नाहीं. तें कानानें ओळखावयाचें आणि अर्थानें वापरावयाचें आहे. आणि ह्या दोन्ही कामांसाठीं लागणारें भांडवल धारणीच्या मुलापाशीं त्यास वाटतें त्याहून पुष्कळ अधिक आहे.

प्रथम कानाची गोष्ट. ज्या इंग्रजी अक्षराचें नांव ‘ए’ आहे, त्याचा उपपद म्हणून उच्चार चालू वाक्यांत बहुधा हलका ‘अ’ असा होतो. म्हणून येथें तें ‘अ’ असेंच लिहिलें आहे. वर्गांत पुष्कळदां असा नियम पाठ केला जातो कीं, ‘ए, ई, आय, ओ, यू’ ह्या पांच अक्षरांपूर्वीं ‘अन्’ आणि बाकीच्या अक्षरांपूर्वीं ‘अ’. हा नियम मुळांतच लंगडा आहे. खरा नियम अक्षराचा नाहीं, ध्वनीचा आहे. ‘युनिव्हर्सिटी’ ह्या शब्दाच्या आरंभीं इंग्रजींत ‘यू’ अक्षर आहे, तरी ‘अ युनिव्हर्सिटी’ असेंच म्हणावें लागतें. आणि ‘अवर’, म्हणजे तास, ह्या शब्दाच्या आरंभीं ‘एच्’ अक्षर असलें तरी तें मुकें असल्यामुळें ‘अन् अवर’ असेंच म्हणावें लागतें. पांच अक्षरें पाठ करणारा मुलगा ह्या दोन्ही ठिकाणीं फसतो, आणि मग इंग्रजी भाषाच लहरी आहे असें म्हणून मोकळा होतो.

आतां हेच शब्द आपल्या बाळबोध लिपींत लिहून पाहा. ‘युनिव्हर्सिटी’ आणि ‘युनिफॉर्म’ हे ‘य’नें सुरू होतात, ‘वन’ हा ‘व’नें सुरू होतो, ‘अवर’ आणि ‘अंब्रेला’ हे ‘अ’नें, तर ‘ऑनेस्ट’ हा ‘ऑ’नें. शब्द बाळबोधींत स्वरानें सुरू झाला तर ‘अन्’, व्यंजनानें सुरू झाला तर ‘अ’. एवढाच काय तो नियम. म्हणून ‘अ युनिफॉर्म’, पण ‘अन् अंब्रेला’. ‘अ वन-रुपी नोट’, पण ‘अन् ऑनेस्ट मॅन’. पदव्यांचेंही तसेंच. ‘बी’चा उच्चार ‘ब’नें सुरू होतो म्हणून ‘अ बी. ए.’, आणि ‘एम्’चा उच्चार ‘ए’नें सुरू होतो म्हणून ‘अन् एम्. ए.’. इंग्लंडांतील मुलास ही सोय नाहीं, कारण त्याची लिपि लिहिते एक आणि वाचावयास लावते दुसरें. आपली लिपि ध्वनीच्या पुष्कळच जवळून चालते. ज्यास मुळाक्षरें येतात त्यास ‘अ’ व ‘अन्’ ह्यांचा निवाडा घरच्या घरीं करतां येतो.

मात्र ह्यांत एक धोका आहे. लिपि जितकी प्रामाणिक, तितकाच उच्चारही प्रामाणिक पाहिजे. जो ‘ऑनेस्ट’ला ‘होनेस्ट’ म्हणतो, त्याचा ‘अन्’ चुकणारच. बोलतांना आपल्यांपैकीं पुष्कळ जण ‘एक’ला ‘येक’ म्हणतात. त्याच सवयीनें ‘एग’ हा शब्द ‘येग’ झाला कीं तेथेंही ‘अन्’ हरवतो. म्हणून आधीं शब्द मोठ्यानें आणि शुद्ध म्हणावा, मग उपपद निवडावें.

हा ‘अ’ आणि ‘अन्’ यांचा खेळ आपणांस परका तरी आहे काय? ज्ञान नाहीं तें अज्ञान, धर्म नव्हे तो अधर्म. परंतु आदर नाहीं तो अनादर, उचित नव्हे तें अनुचित, अंत नाहीं तो अनंत. व्यंजनापूर्वीं ‘अ’ आणि स्वरापूर्वीं ‘अन्’ ही व्यवस्था पाणिनीनें आपल्या सूत्रांत बांधून ठेविली आहे. अर्थाच्या दृष्टीनें ह्या दोहोंचा कांहीं संबंध नाहीं, हें खरें. संस्कृतांतील ‘अन्’ हा नकार आहे, तर इंग्रजींतील ‘अन्’ हें ‘एक’ ह्या अर्थाच्या जुन्या शब्दाचें झिजलेलें रूप आहे. पुढें व्यंजनापूर्वीं त्याचा ‘न्’ गळाला व स्वरापूर्वीं टिकला. परंतु दोन स्वर एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून मध्यें ‘न्’ असावा, ही जिभेची सोय दोन्हीकडे सारखीच आहे. ज्या मुलास अनादर आणि अज्ञान हे शब्द न अडखळतां म्हणतां येतात, त्याच्या कानांत हा नियम आधींच मुरलेला आहे.

हा ‘न्’ मोठा खोडकर आहे. इंग्रजींत ‘ॲडर’ ह्या नांवाचा विषारी साप आहे. त्याचें जुनें नांव ‘नॅडर’ असें होतें. ‘अ नॅडर’ असें म्हणतां म्हणतां लोकांनीं नांवाचा ‘न’ उपपदास जोडला, आणि ‘अन् ॲडर’ झालें. ‘नॅप्रन’चा ‘ॲप्रन’ असाच झाला. वरूड-मोर्शीकडील बागांच्या फळाची कथाही ऐकण्यासारखी आहे. आपला ‘नारंग’ हा शब्द फारशी व अरबी भाषांतून युरोपांत गेला, आणि इंग्रजींत पोंचण्यापूर्वींच तिकडील भाषांत त्याचा आरंभींचा ‘न’ गळाला. त्या भाषांतील उपपदाच्या शेवटींही ‘न’ असल्यामुळें तो शब्दाचा कीं उपपदाचा असा घोटाळा झाला असावा, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. असा तो नारंग आज ‘अन् ऑरेंज’ होऊन आपल्या पुस्तकांत परत आला आहे.

आतां दुसरी गोष्ट, अर्थाची. आणि हीच अधिक महत्त्वाची. कोणी धांवत येऊन सांगितलें कीं, ‘नाल्यावर वाघ आला आहे,’ तर मराठींत तेवढ्यानें काम भागतें. इंग्रजींत बोलणारास मात्र तेथें क्षणभर थांबून विचार करावा लागतो, कीं ऐकणारास हा वाघ आधीं ठाऊक आहे काय? ‘अ टायगर’ म्हटलें तर तो कोणी एक वाघ, आजच दिसलेला. ‘द टायगर’ म्हटलें तर तोच, ज्यानें परवां गाय नेली आणि ज्याच्याविषयीं सारा गांव बोलत आहे. म्हणजे उपपद हा वाक्याचा अलंकार नाहीं; ऐकणाऱ्याच्या मनांत काय आहे आणि काय नाहीं, ह्याची ती विचारपूस आहे.

गोष्ट सांगतांना आपणही हेंच करतों. ‘एक म्हातारी होती. ती म्हातारी लांकडें आणावयास रानांत गेली. तेथें तिला एक अस्वल भेटलें. अस्वल म्हणालें...’ पहिल्या भेटीस ‘एक म्हातारी’, ‘एक अस्वल’. ओळख झाल्यावर ‘ती म्हातारी’, किंवा नुसतें ‘अस्वल’. पहिल्या भेटीचा ‘एक’ म्हणजे इंग्रजी ‘अ’. दुसऱ्या भेटीस ‘द’. ज्या आजीनें नातवास अशा गोष्टी सांगितल्या, तिनें न कळत त्यास इंग्रजी व्याकरणाचा अर्धा धडा दिला आहे.

उरलेला अर्धा धडा मात्र शिकावा लागतो, कारण तेथें मराठी आणि इंग्रजी यांच्या वाटा फुटतात. ‘माझे वडील शेतकरी आहेत,’ ह्या वाक्यांत आपण ‘एक’ घालीत नाहीं. म्हणून मुलगा ‘माय फादर इज फार्मर’ असें लिहितो, आणि चुकतो. तेथें ‘अ फार्मर’ हवें. इंग्रजींत मोजतां येणाऱ्या वस्तूचें एकवचनी सामान्यनाम बहुधा बोडकें उभें राहत नाहीं. त्याच्या डोक्यावर ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ यांपैकीं एखादें पागोटें लागतेंच. मात्र एका डोक्यावर दोन पागोटीं घालूं नयेत. ‘अ माय बुक’ असें होत नाहीं. उलट ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ हे शब्द इंग्रजीस पाण्यासारखे किंवा पिठासारखे वाटतात. तीं मापावयाचीं, मोजावयाचीं नव्हेत. आपण ‘एक सल्ला’ खुशाल म्हणतों, पण ‘अन् ॲडव्हाइस’ म्हणतां येत नाहीं.

एका अक्षरानें एवढें काय बिघडतें, असें म्हणणारांनीं पुढील प्रसंग मनांत आणावा. ऐन पावसाळ्यांत रस्ते बंद झाले आहेत, आणि घरांत थोडेंच धान्य उरलें आहे. कर्ता पुरुष आपल्या शिकत्या मुलाकडून मदतीचा अर्ज इंग्रजींत लिहवून घेतो. येथें ‘लिट्ल ग्रेन’ असें लिहावयास पाहिजे. परंतु मुलानें ‘अ विसरूं नको’ एवढेंच वर्गांत ऐकलेलें असतें. तो बिचारा आठवणीनें ‘अ लिट्ल ग्रेन’ असें लिहितो. वाचणारा समजतो कीं घरांत थोडेंबहुत धान्य आहे, तूर्त भागेल. आणि तो अर्ज खालीं ठेवून दुसरा उचलतो. ‘लिट्ल’ म्हणजे जवळ जवळ नाहींच. ‘अ लिट्ल’ म्हणजे थोडें कां होईना, पण आहे. ‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र नसल्यासारखेच. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे चार मित्र आहेत. हा भेद आपणांस नवा नाहीं. ‘थोडें धान्य आहे’ आणि ‘थोडेंच धान्य आहे’ ह्यांत जें काम आपला ‘च’ करतो, तेंच येथें ‘अ’च्या असण्या-नसण्यानें होतें. आपल्या ‘च’चें मोल ज्यास कळतें, त्यानें त्या ‘अ’ला क्षुल्लक म्हणूं नये.

येथपर्यंत विद्यार्थ्यांशीं बोललों. आतां दोन शब्द वडील मंडळींशीं. उपपद चुकलें म्हणून मुलास मूर्ख समजणें हा दुसऱ्या बाजूचा अन्याय आहे. संस्कृतांत उपपद नाहीं, लॅटिनमध्यें नाहीं, रशियन भाषेंत आजही नाहीं. ज्या ग्रीक भाषेंत नवा करार लिहिला गेला, तींत निश्चित उपपद होतें, पण अनिश्चित नव्हतें. त्या भाषांतून मोठमोठे ग्रंथ झाले. उपपदावांचून कोणाचेंही अडलें नाहीं. प्रत्येक भाषा कांहीं गोष्टींविषयीं फार काटेकोर असते आणि कांहींविषयीं बेफिकीर. दरवाजा पुल्लिंगी, खिडकी स्त्रीलिंगी आणि छप्पर नपुंसकलिंगी, ही एकाच घरांतील फूट इंग्रजास चमत्कारिक वाटते. विल्यम कॅरे यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण श्रीरामपुरास प्रसिद्ध केलें, आणि १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्या कोशांत नामापुढें त्याचें लिंग दिलेलें आहे. कारण मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्वानांना तें पदोपदीं पाहावें लागे. आपण त्यांच्या चुकांना हंसलों असूं. पण आपली भाषा त्यांनीं चुकत चुकतच आपलीशी केली.

आणि धारणीच्या मुलाची योग्यता तर विशेष आहे. मेळघाटांतील कित्येक घरांत आई कोरकू बोलते, बाजार हिंदींत चालतो, शाळेचीं पुस्तकें मराठींत असतात, आणि इंग्रजी ही त्या मुलाची चौथी भाषा होते. कोरकू ही मुंडा कुळांतील सर्वांत पश्चिमेकडची भाषा होय; २०११ च्या जनगणनेंत ती बोलणारांची संख्या सात लक्षांहून अधिक भरली. तिच्यांत ‘कोरो’ म्हणजे माणूस, आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसें. इतकेंच नव्हे, तर संस्कृताप्रमाणें तिच्यांत दोहोंसाठीं निराळें द्विवचनही आहे, जें आज मराठींत नाहीं आणि इंग्रजींतही नाहीं. ज्या मुलाच्या जिभेवर एक, दोन आणि अनेक यांचा असा सूक्ष्म भेद लहानपणापासून खेळत आहे, त्यास व्याकरणाचें अंग नाहीं असें कोण म्हणेल? ‘तुझ्या बोलींत व्याकरणच नाहीं’ असें त्यास सांगणें हें असत्य आहे, आणि त्याच्या शिकण्याच्या उमेदीवर घाव घालणारें आहे.

म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत असें. शिक्षकांनीं पांच अक्षरांची यादी पाठ करवूं नये. शब्द बाळबोधींत लिहवून व मोठ्यानें म्हणवून घ्यावा. तांबडी खूण करतांना ‘येथें अ हवा’ एवढ्यावर न थांबतां ‘ऐकणारास ही वस्तु ठाऊक होती काय?’ असा प्रश्न विचारावा. विद्यार्थ्यांनीं घरची एखादी गोष्ट इंग्रजींत सांगून पाहावी, आणि पहिल्या भेटीस ‘अ’, दुसऱ्या भेटीस ‘द’ हा क्रम पाळावा. पालकांनीं मुलाची वही पाहतांना चूक किती ह्यापेक्षां ती कां झाली हें त्याच्याच तोंडून ऐकावें. स्वतःस इंग्रजी येत नसलें तरी हें करतां येतें. चुकण्याची लाज गेली आणि कारण समजलें, म्हणजे तो एवढासा ‘अ’ मुलांच्या वहींत आपल्या योग्य जागीं येऊन बसेल. आणि जेथें त्याची जागा नाहीं, तेथून, विशेषतः त्या अर्जांतून, आपण होऊन दूर राहील.