घोड्यालाही आधी मुक्काम हवा

सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत ट्रायनला जागतिक स्पर्धेतली १६० किमीची एन्ड्युरन्स शर्यत आधी १२० वर आली आणि मग उकाडा-दमटपणामुळे मध्येच रद्द झाली. (सुरुवातीला काही स्वारांना चुकीच्या वाटेने पाठवलं, तो सावळागोंधळ वेगळाच!) माझं मत विचाराल तर थंड देशातला घोडा दोन-तीन आठवडे आधी पोचलाच पाहिजे. प्रवासाचा शीण गेला की रोज थोडं थोडं काम, तेही त्याच हवेत. नुसतं पंख्याखाली उभं करून सवय कशी होणार राव? दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणजे अंग निवत नाही. त्यात घोड्याच्या घामातून आपल्यापेक्षा जास्त मीठ जातं, नुसत्या पाण्याने भागत नाही. मुक्कामाचा खर्च जड वाटत असेल तर घोडा घरीच ठेवावा. आणि सवय झाली तरी थांब्यावर गार पाण्याच्या बादल्या ओताव्या लागतातच.