चांदरातीची रिकामी खुर्ची

रमजानमध्ये मुस्लिम मोहल्ल्यातलं सलून दुपारभर ओस असतं. श्रावणात तीच पाळी पेठेतल्या सलूनवर येते. २०१२ मध्ये तर दोन्ही महिने एकाच अमावास्येनंतर सुरू झाले होते. पण ही मंदी कॅलेंडरवर आधीच दिसते, तिची तजवीज करता येते.

खरा फटका बसतो चांदरातीला. एकोणतिसाव्या रोज्याला चंद्र दिसला नाही, की सगळे नंबर दुसऱ्या रात्रीवर जातात. यात दोष कुणाचाच नाही. मात्र काही मंडळी तीन दुकानांत नाव लावतात, आधी खुर्ची मिळेल तिथे बसतात आणि उरलेल्या दोघांना साधा फोनही करत नाहीत. (लग्नसराईत नवरदेवाकडचेही हेच करतात.) बऱ्याच दुकानांत कारागीर टक्केवारीवर असतो. खुर्ची रिकामी राहिली, की त्याचा तेवढा हिस्सा बुडतो, आणि ईदचा बाजार त्यालाही करायचा असतो.

म्हणून त्या रात्रीच्या नंबरासाठी पन्नास रुपये आगाऊ घ्यावेत. चंद्र दिसला नाही तर तेच दुसऱ्या दिवशी चालावेत; तासभर आधी कळवणाऱ्याला परत मिळावेत. न कळवता गायब होणाऱ्याचे थेट कारागिराच्या हातात. ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे मागायला संकोच वाटतो, हे खरं. पण गायब होणाऱ्यांत ओळखीचेच जास्त असतात. कोणत्याही कारागिराला विचारा.