पोकळीचा बोजा

घुग्घुसला जमीन खचली तर बीडच्या माणसाला त्याचे काय, असे कुणी विचारेल. आमच्या जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. पायाखाली बेसाल्टचा काळा पाषाण. पण परळीचे औष्णिक केंद्र चालते ते बाहेरून रेल्वेने येणाऱ्या कोळशावर. २०१५ साली पाण्याअभावी तिथले संच बंद पडले, तेव्हा जिल्हाभर ओरड झाली. कोळसा काढल्यावर खाली काय उरते, यावर मात्र चकार शब्द नाही.

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला, आमराई वॉर्डात, एक अख्खे घर जमिनीत गेले. हादरा जाणवताच घरची माणसे बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण होती. आसपासची घरे रिकामी करावी लागली.

यावर पहिले उत्तर ठरलेले: खाण केव्हाच बंद झाली. हे उत्तर उलटेच आहे. भूमिगत खाणीत कोळशाचे खांब, म्हणजे पिलर, मागे ठेवून त्यांवर छत तोलतात. पिलरही काढून घेतले तर जमीन बहुधा लवकर खचते, निदान डोळ्यांसमोर खचते. ते तसेच सोडले की खरी टांगती तलवार. खाण बंद झाली की पंप थांबतात, गाळे पाण्याने भरतात, पिलरचे कोपरे वर्षानुवर्षे ढासळत राहतात. खोली कमी असेल तर छताचा एकेक थर सुटतो, पोकळी वर सरकते आणि एके दिवशी कुणाच्या तरी स्वयंपाकघराला भोक पडते.

दुसरे उत्तर: लोकांनीच तिथे घरे बांधली. काही ठिकाणी हे खरेही असेल. पण परवानगीशिवाय इमारतीच्या ४५ मीटरच्या आत खोदकाम करू नये, हा नियम खाणीला लागू. जुन्या खाणीवर घर येऊ नये, हे बघणारे कोण? सोडलेल्या खाणीचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जातो. घर बांधणाऱ्याच्या हाती तो कसा पडावा?

वाळू भरून पोकळ्या बुजवता येतात. मात्र आधी पोकळी कुठे आहे ते कळले पाहिजे.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने खाणीमुळे घराचे नुकसान झाले तर दुरुस्ती किंवा भरपाईची जबाबदारी ठरवून दिली आहे. कोळसापट्ट्यात घर घेणाऱ्याला खालच्या खाणींचा अहवालही मागवता येतो. आपल्याकडे तर सातबारा आहेच. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा त्यावर तत्परतेने चढतो. मग पोकळीचा का नाही? गावठाणात मिळकत पत्रिकेवर घ्या. जुने नकाशे तलाठ्यापर्यंत आणा, नकाशे नसतील तिथे बोअर मारून तपासा.

हा खर्च कोळशाच्या दरात धरावा. त्यातून वीज महाग होईल, तर होऊ दे. बीडकरांच्या बिलातही तो येऊ दे.